हुकमाबाहेरचे पाय

मणक्याला मार लागून कमरेखालची हालचाल गेलेल्या माणसाच्या घरात पहिले काही आठवडे एकच प्रश्न विचारला जातो: पाय कधी हलणार? मग एके रात्री पाय खरोखरच हलतो, पण तो कुणाच्या सांगण्यावरून हलत नाही. गुडघा आपोआप वर येतो, पोटरी ताठ होते, टाच गादीवर आपटते आणि झोपमोड झालेली माणसे अंधारात एकमेकांकडे पाहत राहतात. सकाळी मला फोन येतो. पलीकडच्या आवाजात कधी आनंद असतो, कधी धास्ती असते. काही घरांत तोवर सिद्धरामेश्वरांपुढे नारळही फोडून झालेला असतो. सोलापुरात फिजिओथेरपीचे काम करताना या फोनला द्यायचे उत्तर मला वर्षानुवर्षे घडवावे लागले, कारण ‘हे बरे होण्याचे लक्षण आहे’ असे सांगणे जितके अपुरे आहे, तितकेच ‘हा नुसता झटका आहे, लक्ष देऊ नका’ असे सांगणेही अपुरे आहे.

ते उत्तर ज्या द्रव्याभोवती फिरते, ते सेरोटोनिन होय. आरोग्य पुरवण्या वाचणाऱ्यांना ते आनंदाचे रसायन म्हणून ठाऊक असते, आणि नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे त्याचे नाव मनाशी कायमचे जोडले गेले आहे. मनाशी त्याचा संबंध आहेच. पण मज्जारज्जूत उतरल्यावर त्याच्याकडे वेगळे काम येते. स्नायूंना हालवणाऱ्या पेशींना, वरून येणारा हुकूम ऐकून त्यावर काही करता यावे इतपत, सतत सज्ज ठेवणे हे ते काम. ही सज्जता गेली की पाय लुळे पडतात, आणि ती बेलगाम परत आली की पाय रात्री उडतात. झटका आणि पाऊल ही दोन्ही एकाच सज्जतेची रूपे आहेत, असे माझे इतक्या वर्षांनंतरचे ठाम मत आहे, आणि उपचार करताना एकाला मारून दुसरे जगवता येत नाही ही गोष्ट घरच्यांना पहिल्या महिन्यातच नीट समजावून सांगायला हवी असे मला वाटते.

या द्रव्याचा शोध मेंदूत लागला नव्हता. १९३० च्या दशकात इटलीतील व्हिटोरिओ एर्स्पामेर यांना ते आतड्याच्या अस्तरातील पेशींत आढळले. १९४८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हाइन पेज यांनी रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य म्हणून ते रक्तातून वेगळे काढले, आणि ते मेंदूतही असते हे बेटी ट्वारॉग यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आजही आपल्या पचनमार्गातच असते. मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख आहेत. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींच्या हिशेबात ही संख्या नगण्य म्हणावी अशी आहे. या मूठभर पेशी मेंदूच्या देठाच्या मध्यरेषेवर, रॅफे नावाच्या पेशीसमूहांत, दाटीने बसलेल्या असतात. १९६४ मध्ये स्वीडनच्या आनिका डालस्ट्रोम आणि शेल फुक्से यांनी त्यांचा पहिला नीटस नकाशा काढला. विशिष्ट प्रक्रिया केलेल्या ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सेरोटोनिन असलेल्या पेशी आणि त्यांचे तंतू पिवळे चमकत असत. रॅफेच्या खालच्या गटातून निघालेले हे पिवळे तंतू मानेपासून माकडहाडाच्या दिशेने मज्जारज्जूच्या पार टोकापर्यंत उतरतात आणि वाटेत प्रत्येक पातळीवर फांद्या पसरतात. मज्जारज्जूत स्वतः सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. म्हणून प्राण्यांचा मज्जारज्जू मध्येच छेदल्यावर छेदाखालचा पिवळा प्रकाश काही दिवसांतच नाहीसा होत असल्याचे त्याच काळातल्या संशोधकांना दिसले. छेदाखालच्या पेशी जिवंत होत्या, त्यांचे स्नायूंशी असलेले नाते शाबूत होते. त्यांना मिळणारा सेरोटोनिनचा पुरवठा तेवढा संपला होता.

या पुरवठ्याचा उपयोग काय, हे कळायला आणखी दोन दशके जावी लागली. मज्जारज्जूतल्या चालक चेतापेशींपासून निघालेले तंतू थेट स्नायूंना जाऊन भिडतात. पायाचा अंगठा हलवायचा तर शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांच्यापर्यंत मेंदूकडून जो संदेश येतो, तो मुळात दुबळा असतो. १९८० च्या दशकात कोपनहेगन येथे योर्न हाउन्सगार्ड, हान्स हुल्टबोर्न आणि ओले कीन यांनी मांजरे आणि कासवे यांच्या मज्जारज्जूवर केलेल्या प्रयोगांतून असे निघाले की, सेरोटोनिनच्या सान्निध्यात या पेशीचा स्वभावच बदलतो. एरवी क्षणभर उघडून मिटणाऱ्या वाटांनी आत शिरणारा कॅल्शियमचा प्रवाह मग टिकून राहतो, त्यामुळे दुबळा संदेश कित्येक पटींनी मोठा होतो आणि संदेश थांबल्यावरही पेशी काही सेकंद स्नायूला आकुंचन धरून ठेवायला लावू शकते. आपण रेशनच्या रांगेत अर्धा तास उभे राहतो तेव्हा मेंदू मांडीच्या प्रत्येक स्नायूला दर क्षणी नव्याने आज्ञा देत बसत नाही. उभे राहण्याचे बरेचसे ओझे या टिकाऊ प्रवाहांवर असते. प्रिन्स्टन विद्यापीठात बॅरी जेकब्स यांनी मांजरांच्या रॅफेमधील पेशींची नोंद घेतली तेव्हा त्या जागेपणी संथ लयीत चालू, गाढ झोपेत मंद आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प अशा आढळल्या. चालणे किंवा चघळणे यांसारख्या लयबद्ध हालचालींच्या वेळी मात्र त्यांतल्या अनेकींचा वेग वाढत असे. जागा असलेला आणि हालचाल करणारा प्राणी आपल्या मज्जारज्जूला सेरोटोनिन पुरवत राहतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

आता अपघात झाल्यावर काय होते ते पाहा. पहिल्या दिवसांत पाय पूर्ण ढिले असतात. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने ठोकले तरी पाय उत्तर देत नाही, आणि घरचे लोक त्या लुळेपणालाच अखेरचा निकाल समजतात. डॉक्टर त्याला स्पायनल शॉक म्हणतात. त्यामागे अनेक कारणे आहेत, आणि चालक पेशींनी सेरोटोनिनअभावी गमावलेली सज्जता हे त्यांतले एक मोठे कारण आहे. काही आठवडे उलटतात. मग हातोडीला उत्तर येऊ लागते, ते आधी बेताचे असते आणि पुढे गरजेपेक्षा मोठे होते. तळपाय हाताने झटकन वर ढकलला की घोटा थरथर नाचत राहतो, आणि रात्रीचे झटके सुरू होतात. सेरोटोनिन तर परत आलेले नाही. मग सज्जता आली कुठून?

या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर २०१० मध्ये कॅनडातून आले. एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठातील डेव्हिड बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांवर काम करून असे दाखवले की, चालक पेशींवरचे सेरोटोनिनचे काही ग्राही, विशेषतः ‘टू-सी’ या जातीचे, इजेनंतर सेरोटोनिनची वाटच पाहणे सोडून देतात. ग्राही म्हणजे पेशीपटलावरचे असे प्रथिन की ज्याला द्रव्य येऊन चिकटले म्हणजे पेशीच्या आत पुढची क्रिया सुरू होते. इजेनंतर पेशी या ग्राहीच्या संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे प्रथिन कसे घडवायचे हे सांगणाऱ्या मजकुराचे, संपादन बदलते आणि द्रव्य चिकटले नसतानाही चालू राहणारी त्याची आवृत्ती अधिक तयार करते. कॅल्शियमचे टिकाऊ प्रवाह परत येतात आणि त्यांच्यासोबत पायाला भार पेलण्याची क्षमताही परत येते. याची किंमतही मोजावी लागते. वरून येणारे सेरोटोनिन गरजेनुसार कमी-जास्त होत असे; हा नवा ग्राही अहोरात्र चालूच असतो. त्यात भर म्हणून पेशींना शांत करणारे संदेशही दुबळे झालेले असतात. क्लोराइड बाहेर टाकणारे एक प्रथिन इजेनंतर पेशीपटलावर कमी पडते, म्हणून आवरणारा संदेश पुरेसा आवरत नाही. गंमत अशी की सेरोटोनिनच्याच दुसऱ्या जातीच्या, ‘टू-ए’ ग्राहीला चेतवले तर हे प्रथिन पुन्हा पटलावर वाढते आणि उंदरांचा ताठरपणा उतरतो, असे २०१३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना आढळले. सज्ज करणारे आणि आवरणारे, अशी दोन्ही कामे एकाच द्रव्याकडे होती. ते गेल्यावर पेशीने स्वतःहून उभे केले ते फक्त पहिले काम.

हे सगळे मी वाचले होते. पण डोळ्यांनी पाहिले ते शहराच्या पूर्व भागातल्या एका घरी. घरातले कर्ते पुरुष यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारे कारागीर, होते. पावसाळ्याआधी घराचे पत्रे नीट करताना ते घसरले आणि पाठीवर पडले. पाठीच्या खालच्या मणक्यात इजा झाली, ऑपरेशन झाले, आणि मी जाऊ लागले तेव्हा डाव्या पायात संवेदना अर्धवट आणि ताकद शून्य, तर उजव्या मांडीत किंचित ताकद, अशी अवस्था होती. मी त्यांना मामा म्हणते. त्यांच्या पत्नीला आजूबाजूच्या सगळ्यांप्रमाणे मीही अक्का म्हणते. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठीत. अक्का पलंगाच्या पायथ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, टोक दाबायचे, हे सगळे मान वर न करता. मी मामांच्या उजव्या पायाकडून व्यायाम करून घेत असताना त्यांची बोटे चालूच असत, पण पाय उडाला की ती थांबत.

एकदा पौषातल्या थंडीत मी संध्याकाळी उशिरा गेले. व्यायाम संपल्यावर अक्कांनी मामांच्या अंगावर चादर घातली. आपल्याकडची ती जाड, जड चादर मामांच्या पावलांवरून सरकली मात्र, आणि दोन्ही पाय एकदम सरळ, ताठ झाले, टाचा एकमेकींवर दाबल्या गेल्या, घोटे थरथरू लागले. चादरीचा स्पर्श क्षणाचा होता. ताठरपणा बराच वेळ टिकला आणि मग लाटेने ओसरला. मामांनी पलंगाची कड घट्ट धरली होती. अक्का म्हणाल्या, “मॅडम, पायात ताकद नाय म्हणताव तुमी. मग हे एवढं जोरात कोण ताणतंय?”

याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. क्षणभराच्या स्पर्शाला इतक्या लांब आकुंचनाचे उत्तर मिळणे, हीच त्या टिकाऊ प्रवाहांची उघड खूण आहे. ताकद नाही असे आम्ही म्हणतो तेव्हा मेंदूच्या हुकमाने वापरता येणारी ताकद नाही, असा त्याचा अर्थ असतो. स्नायूत ताकद आहे, मज्जारज्जूच्या खालच्या भागात ती चेतवण्याची सज्जताही आहे. हुकूम पोहोचवणारे तंतू तुटले आहेत किंवा फार थोडे उरले आहेत. मी हे सांगत असताना मामा लक्ष देऊन ऐकत होते. मग ते म्हणाले, “बीमचा ताण बसत नाय म्हणा की. ढिला ऱ्हायला की कापड धरत नाय, जास्त झाला की धागा तुटतो. आणि नक्षी तर कार्डावर हाय, ताणावर नाय.” बीम म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचा रूळ, आणि जकार्ड मागावर नक्षी ठरते ती छिद्रे पाडलेल्या कार्डांनी. ज्या माणसाने आयुष्यभर अशा मागांचा ताण बसवला, त्याने सेरोटोनिनचे काम माझ्यापेक्षा मोजक्या शब्दांत मांडले. हालचालीचा आराखडा एका ठिकाणी असतो आणि त्याला राबवू देणारा ताण दुसऱ्या ठिकाणाहून येतो, हेच तर मला सांगायचे होते.

तो आराखडाही, निदान चालण्यापुरता, मज्जारज्जूतच आहे. १९११ मध्ये थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी दाखवले की मज्जारज्जू मेंदूपासून तोडलेल्या आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केलेल्या मांजरात पाऊल टाकण्याची आळीपाळीची लय निर्माण होऊ शकते. वाकवणारे स्नायू आणि सरळ करणारे स्नायू यांना पाळीपाळीने चालवणारी चेतापेशींची जाळी कमरेच्या पातळीवर असते. पुढे नवजात उंदराचा मज्जारज्जू शरीराबाहेर काढून द्रावणात जिवंत ठेवता येऊ लागला, तेव्हा त्या द्रावणात सेरोटोनिन आणि त्याच्या जोडीला ग्लुटामेट या चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या द्रव्याच्या ग्राहींना चेतवणारे औषध घातले की मेंदू नसलेला, स्नायू नसलेला तो तुकडा तासन्‌तास डाव्या-उजव्या पावलांची लय देत राहतो, हे प्रयोगशाळांतून वारंवार दिसले. माझ्या दृष्टीने सेरोटोनिनच्या बाजूचा याहून बोलका पुरावा नाही.

यातूनच २००९ मधला तो प्रयोग उभा राहिला, ज्याच्या चित्रफिती आजही आमच्याकडच्या घरांतल्या मोबाइलवर फिरत असतात. ग्रेगवार कुर्तीन, रेगी एडगर्टन आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जू पूर्ण छेदलेल्या उंदरांना सेरोटोनिनच्या ग्राहींना चेतवणारी औषधे दिली, मज्जारज्जूच्या आवरणावर बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून कंबर आणि त्रिकास्थी (कमरेखालचे त्रिकोणी हाड) यांच्या पातळीवर विजेचे उद्दीपन दिले आणि काही आठवडे ट्रेडमिलवर सराव करवला. उंदीर स्वतःचा भार पेलत मागच्या पायांवर चालू लागले. चित्रफीत पाहून लोक मला विचारतात की ते इंजेक्शन सोलापुरात मिळेल का. त्या चित्रफितीत न दिसणाऱ्या दोन गोष्टी मी त्यांना सांगते. एक म्हणजे तो उंदीर स्वतःच्या इच्छेने चालत नव्हता. सरकणारा पट्टा त्याच्या पायांना जे जाणवून देत होता, त्यावर मज्जारज्जूची जाळी चालत होती. दुसरी म्हणजे औषध, वीज आणि सराव हे तिन्ही एकत्र आले तेव्हाच ते साधले. सराव वगळून औषध दिल्याने चांगले चालणे उभे राहत नाही. हा मुद्दा मी घरच्यांना पुनःपुन्हा सांगते, कारण व्यायाम कंटाळवाणा असतो आणि औषधाची आशा ठेवणे त्यामानाने सोपे असते.

माणसांमध्ये वाट थोडी वेगळी निघाली. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने बऱ्याच वर्षांपूर्वी इजा झालेल्या ३ जणांना मज्जारज्जूवरील उद्दीपनाच्या आणि सरावाच्या जोरावर आधाराने चालवून दाखवले, आणि तिथे सेरोटोनिनची औषधे नव्हती. त्या माणसांमध्ये वरून येणारे काही तंतू शिल्लक होते. त्याआधी २०१५ मध्ये एडगर्टन आणि युरी गेरासिमेन्को यांनी पायांची हालचाल पूर्ण गेलेल्या ५ पुरुषांच्या त्वचेवरून उद्दीपन दिले होते, आणि शेवटच्या काही आठवड्यांत त्यांना बुस्पिरोन हे सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर काम करणारे, चिंतेवर दिले जाणारे जुने औषधही दिले होते. पाय अधांतरी टांगून ठेवलेल्या स्थितीत ती माणसे मनाने पाय झुलवू शकली. पाच माणसांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही वर्षानुवर्षे पूर्ण इजा असे लिहिलेल्या फायलींमधल्या माणसांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले.

मग सेरोटोनिनच द्यावे, असे कुणालाही वाटेल. अक्कांच्या पुतण्याने कुठेतरी वाचले होते की केळ्यात सेरोटोनिन असते, आणि करमाळ्याकडून आणलेल्या केळ्यांचे घड घरात टांगलेले मी पाहिले. केळ्यात ते खरोखरच असते. पण रक्तातले सेरोटोनिन मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीचा रक्तवाहिन्यांचा पडदा ओलांडत नाही. आत लागणारे सेरोटोनिन आतच, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तयार व्हावे लागते, आणि ते तयार करणारे तंतू तर तुटलेले असतात. ग्राहींना चेतवणारी औषधे पडदा ओलांडतात, पण तेच ग्राही आतड्यात, रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या झडपांवरही असतात. वजन कमी करण्यासाठी दिले जाणारे फेनफ्लुरामिन हे औषध १९९७ मध्ये मागे घ्यावे लागले ते झडपांवरच्या अशाच परिणामामुळे. केळी खायला हरकत नाही, असे मी सांगितले. मामांना बद्धकोष्ठता होतीच, त्यामुळे फळे पोटात जाणे बरेच होते.

सेरोटोनिन वाढवण्याची आणखी एक वाट श्वासातून जाते, आणि ती मला विलक्षण वाटते. थोडा वेळ कमी ऑक्सिजनची हवा घेतली की मानेतल्या धमनीजवळचे संवेदक रॅफेच्या पेशींना जागे करतात, त्यांचे उरलेसुरले तंतू मज्जारज्जूत सेरोटोनिन सोडतात, आणि ते पुढे चालक पेशींत चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोड, बळकट करणाऱ्या प्रथिनाची निर्मिती वाढवते. गॉर्डन मिचेल यांनी श्वासपटलाच्या चेतापेशींवर हा क्रम उलगडला. नंतर अर्धवट इजा झालेल्या माणसांना ५ दिवस, दर दिवशी १५ वेळा, प्रत्येकी ९० सेकंद सुमारे ९ टक्के ऑक्सिजनची हवा देऊन आणि चालण्याचा सराव करवून पाहिले, तेव्हा त्यांच्या चालण्याचा वेग आणि पल्ला वाढला. हे प्रयोगशाळेत, देखरेखीखाली झाले आहे. घरी श्वास रोखून असे काही करू पाहणे धोक्याचे आहे, आणि प्राणायामाच्या नावाखाली तसे सुचवणाऱ्यांचे ऐकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पक्षाघाताच्या रुग्णांचा अनुभवही इथे आठवावा लागतो. २०११ मध्ये फ्रान्समधील ११८ रुग्णांच्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हातापायांची हालचाल अधिक सुधारल्याचे दिसले होते आणि मोठी आशा निर्माण झाली होती. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर तीच गोळी सहा महिने देऊन पाहिली, आणि दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेत काही फरक पडला नाही. नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. पक्षाघात आणि मज्जारज्जूची इजा या वेगळ्या गोष्टी आहेत. तरीसुद्धा लहान चाचणीवर विसंबून गोळी सुरू करण्याची घाई कुणी करू नये, एवढे त्यातून निश्चित शिकता येते.

घराघरांत प्रत्यक्ष असतात ती साधी, ओळखीची औषधे, आणि माझी काळजी त्यांच्यापाशी येऊन थांबते. झटक्यांवर बहुतेकांना बॅक्लोफेन दिलेले असते. ते सेरोटोनिनच्या वाटेने काम करत नाही, चालक पेशींकडे जाणारे संदेश ते सरसकट मंद करते. झटका गेला म्हणून घर आनंदते आणि त्याच आठवड्यात माणूस उभा राहायचा बंद होतो, असे मी अनेकदा पाहिले आहे; कारण पलंगावरून चाकाच्या खुर्चीत जाताना तो ज्या ताठरपणावर पाय रोवत होता, तो ताठरपणाही उतरलेला असतो. भूक लागत नाही म्हणून मेडिकलमधून आणलेल्या टॉनिकच्या बाटलीत पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिन असते. हे औषध सेरोटोनिनचे ग्राही बंद करते, अगदी आपोआप चालू राहिलेलेसुद्धा, आणि त्याने मणक्याच्या रुग्णांचे झटके कमी होतात हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. बेनेट यांच्या सहकाऱ्यांनी माणसांमध्ये तपासले तेव्हा सायप्रोहेप्टाडिनने लांबणारी आकुंचने कमी झाली. नुसते बाहेरून येणारे द्रव्य अडवणाऱ्या क्लोरप्रोमाझिनने मात्र फारसा फरक पडला नाही. भुकेचे औषध घेतल्यावर पाय का शांत झाले, किंवा का गळाले, हे त्या घराला कुणी सांगितलेले नसते.

याच्या उलट बाजूला नैराश्यावरच्या गोळ्या आहेत. त्या तंतूंच्या टोकाशी सोडलेले सेरोटोनिन अधिक काळ तिथेच राहू देतात. म्हणून इजा अर्धवट असेल आणि काही तंतू उरले असतील, तर झटके वाढू शकतात. मामांच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे. अपघातानंतरच्या वर्षी ते बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, कारखान्यातले सोबती आले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांत त्यांचे मन खरोखर वर आले. पायांचे झटके मात्र वाढले. अक्कांनी आधी लघवीची तपासणी करून घेतली, कारण संसर्ग झाला, मूत्राशय भरले किंवा पाठीला जखम झाली की झटके अचानक वाढतात, हे मी त्यांना बजावून ठेवले होते. तपासणी स्वच्छ निघाली. तेव्हा नातेवाइकांनी सल्ला दिला की मनाची गोळी बंद करा, पाय तिच्यामुळेच बिघडले. मी हात जोडून सांगितले की स्वतःहून बंद करू नका. अशी गोळी एकदम थांबवल्याने त्रास होतो, आणि मामांचे बोलणे परत येणे ही त्या घरातली लहान गोष्ट नव्हती.

अक्कांनी मग मुलाच्या जुन्या वहीत नोंद ठेवली. पाय कधी उडाले, किती वेळ ताठ राहिले, त्याआधी कोणती गोळी कोणत्या वेळी दिली होती, थंडी होती का, चादर सरकली होती का, हे सारे त्यांनी तेलुगूत लिहिले आणि मुलाने मराठीत उतरवले. ती वही घेऊन त्या दोन्ही डॉक्टरांकडे गेल्या. वही पाहून डॉक्टरांनी मनाची गोळी चालू ठेवली, ती देण्याची वेळ सकाळवर आणली, आणि बॅक्लोफेनची मात्रा रात्री वाढवली. दुपारची मात्रा त्यांनी कमी ठेवली, कारण दुपारी मामा दोन्ही हातांनी बार धरून उभे राहतात, आणि त्या वेळी पायांतला ताठरपणा त्यांना हवा असतो.